आधी पाय पाहा, मग फिल्म

कमरेत उसण भरणं आपल्याकडे कुणालाच नवीन नाही. भरलेला हंडा उचलताना, गोणी उतरवताना, कधी नुसतं शिंकताना कंबर धरते. दोन दिवस माणूस वाकडा चालतो, कुणी शेक घ्यायला सांगतं, कुणी तेल चोळून देतं आणि आठ-दहा दिवसांत गाडं रुळावर येतं. अशा दुखण्यासाठी फिल्म काढायची सहसा गरज नसते. प्रश्न सुरू होतो तो कळ कमरेत न थांबता कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीत आणि पुढे पावलापर्यंत उतरू लागते तेव्हा. मग एमआरआय होतो, रिपोर्टात 'डिस्क बल्ज' असे शब्द येतात आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, लगेच ऑपरेशन करून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अंथरूण. माहिती दोघांकडेही बेताचीच असते, खात्री मात्र भरपूर असते.

हा निर्णय घाबरून किंवा भिडेखातर होऊ नये यासाठी तीन गोष्टी कळायला हव्यात: चकतीत नेमकं काय बिघडतं, ते आपोआप किती सुधारतं, आणि शस्त्रक्रियेने नेमकं काय मिळतं.

चकती आणि तिच्या शेजारची नस

कमरेत पाच मणके असतात. डॉक्टर त्यांना एल-१ ते एल-५ म्हणतात. त्यांच्या खाली त्रिकास्थी, तिचा पहिला भाग एस-१. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचं बाहेरचं कडं चिवट तंतूंच्या थरांचं असतं आणि प्रत्येक थरातले तंतू शेजारच्या थराला तिरके गेलेले असतात, त्यामुळे कंबर वाकली, वळली तरी ते टिकतं. आत मऊ गर असतो. तरुणपणी या गरात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असतं. दिवसभर उभं राहून, बसून चकतीतलं थोडं पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की परत भरतं. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच.

प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. तिला अन्न मिळतं ते वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपून. म्हणून तिची झीज लवकर सुरू होते आणि भरून यायला वेळ लागतो. ही झीज कुणाला किती होणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांच्या मणक्यांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. एकाचं काम ओझी वाहण्याचं आणि दुसऱ्याचं बसून करण्याचं असलं तरी दोघांच्या चकत्यांमध्ये अपेक्षेपेक्षा कमी फरक आढळला. तेव्हा 'मीच चुकीचा वाकलो म्हणून हे झालं' असं मनाला लावून घेण्याचं कारण नाही. धूम्रपानाने मात्र चकतीचं नुकसान होतं, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

कडं झिजून त्याला भेग पडली की पुरणपोळी लाटताना कडेने पुरण डोकावावं तसा आतला गर बाहेर येतो. नुसतं कडं सैल होऊन फुगलं तर तो 'बल्ज'. गराचा उंचवटा एका बाजूला आला तर 'प्रोट्रूजन'. गर कडं फाडून बाहेर आला तर 'एक्स्ट्रूजन', आणि त्याचा तुकडाच सुटला तर 'सिक्वेस्ट्रेशन'. मागच्या बाजूला मध्यभागी एक भक्कम अस्थिबंध आडवा येतो, त्यामुळे गर सहसा मागच्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. नेमकी तिथूनच पायाकडे जाणारी नस निघते. कमरेतल्या अशा दहापैकी नऊहून अधिक घटना शेवटच्या दोन चकत्यांमध्ये, म्हणजे एल-४ व एल-५च्या आणि एल-५ व एस-१च्या मध्ये होतात.

नस दुखते ती दोन कारणांनी. एक दाब, आणि दुसरा बाहेर आलेल्या गरामुळे होणारा दाह. म्हणून लहानसा उंचवटाही एखाद्याला रात्रभर झोपू देत नाही आणि मोठा तुकडा घेऊन दुसरा आरामात फिरतो. कळीची तीव्रता आणि तुकड्याचा आकार यांचं गणित जुळेलच असं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याजवळ संपतो. त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. शेवटच्या दोन चकत्यांच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जू त्या जागी नसतोच, त्यामुळे 'हात लावला की दोन्ही पाय लुळे' ही भीती अवाजवी आहे. नसेला इजा होण्याचा धोका असतो, पण तो थोडा असतो.

चकती आणि पायाची कळ यांचा संबंध ठामपणे मांडला गेला तो १९३४ साली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी दाखवून दिलं की आजवर ज्यांना मणक्यातल्या गाठी समजून काढलं जात होतं, त्यांतले बरेच तुकडे फाटलेल्या चकतीचे होते. कारण सापडलं आणि उपायही सापडला, असं वाटून पुढची काही दशकं शस्त्रक्रियांचं प्रमाण वाढत गेलं. ती न करताही किती लोक बरे होतात, हा हिशेब पद्धतशीरपणे मांडायला मात्र बराच काळ जावा लागला.

पाय काय सांगतो

दवाखान्यात अनेक रुग्ण फिल्मची मोठी पिशवी आधी टेबलावर ठेवतात. चांगला डॉक्टर ती बाजूला सरकवून आधी पायातले बूट-चपला काढायला लावतो. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा, अंगठा वर ओढा, मी दाबतो तसं जोर लावा. मग उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलतो. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये पायात खालपर्यंत कळ गेली, तर नस ताणली जाते आहे असं समजायचं. ही चाचणी १८८०च्या सुमाराची आहे, आणि तिला यंत्र लागत नाही.

कोणती नस दुखावली तेही पाय सांगतो. एल-५ची नस असेल तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या पाठीवर, अंगठ्याकडे जाते. अंगठा वर उचलायला जोर लागत नाही, टाचेवर चालता येत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. एस-१ची नस असेल तर कळ पोटरीमागून तळव्याच्या करंगळीकडच्या कडेला जाते आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं जमत नाही. वरची, एल-४ची नस असेल तर दुखणं मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला येतं.

फिल्ममध्ये डावीकडे दाब आहे आणि कळ उजव्या पायात आहे, किंवा बिघाड एका पातळीवर आहे आणि बधिरपणा दुसऱ्याच नसेचा आहे, तर त्या फिल्मच्या भरवशावर शस्त्रक्रिया करायची नसते. तक्रार, तपासणी आणि फिल्म ही तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच पुढचं बोलणं.

रिपोर्टातले शब्द

रिपोर्टात साधारण असं लिहिलेलं असतं: 'एल-४–एल-५ पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन, डिस्क डेसिकेशन.' वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. याचा साधा अर्थ असा की चकती सगळीकडून थोडी फुगली आहे, नसांच्या पिशवीला टेकली आहे आणि तिच्यातलं पाणी कमी झालं आहे. एक्स-रे पाहून 'गॅप कमी झाली' म्हणतात तेही याच झिजेमुळे. पन्नाशीतल्या किती तरी ठणठणीत माणसांच्या फिल्ममध्ये हेच दिसेल.

हे मोजून पाहिलेलं आहे. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. ५२ टक्के लोकांत किमान एका पातळीवर बल्ज होता, २७ टक्क्यांत प्रोट्रूजन होतं. सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा तीन हजारांहून अधिक बिनदुखण्याच्या लोकांवरचे अभ्यास एकत्र केले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज होती, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. केस पांढरे होतात तितकीच ही गोष्ट वयाची आहे.

एमआरआय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन ठरत असेल, ताकद जात असेल किंवा दुसऱ्या आजाराची शंका असेल, तेव्हा त्याच्याशिवाय चालत नाही. दुखण्याच्या पहिल्या आठवड्यात 'एकदा काढून ठेवू' म्हणून काढलेली फिल्म मात्र उपचारात फारसा बदल करत नाही, भीती तेवढी वाढवते.

जिथे थांबायचं नाही

काही लक्षणं दिसली तर वाट पाहणं धोक्याचं असतं. लघवी अडली किंवा झाल्याचं कळेनासं झालं, शौचावरचा ताबा सुटला, जांघा आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांत एकदम कळ आणि अशक्तपणा आला, तर मोठ्या तुकड्याने नसांचा सगळा जुडगाच दाबला गेलेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकते अशा रुग्णालयात पोहोचायचं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपोटी हे लक्षण घरातसुद्धा सांगितलं जात नाही, म्हणून डॉक्टरांनी आणि घरच्यांनी ते स्पष्ट विचारायला हवं.

पाऊल लटकं पडू लागलं, ताकद दिवसागणिक कमी होऊ लागली, तरी एक-दोन दिवसांत तज्ज्ञाला दाखवायचं. आणि रात्री आडवं पडल्यावरही न थांबणारं दुखणं, बारीक ताप, उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर चकतीचा विचार बाजूला ठेवून तपासण्या करायच्या. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच भासतो.

वाट पाहण्याचे आठवडे

वरचं काहीच नसेल, तर सहा ते बारा आठवडे निसर्गाला द्यावेत. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर चाल करून जातात आणि तो हळूहळू गिळून टाकतात. गंमत अशी की तुकडा जितका पूर्ण बाहेर पडलेला, तितका तो विरघळण्याची शक्यता अधिक. नुसता बल्ज बहुधा तसाच राहतो, सुटलेला मोठा तुकडा अनेकदा काही महिन्यांनी काढलेल्या फिल्ममध्ये सापडतही नाही. रिपोर्टातला सर्वांत भीतिदायक शब्द पुष्कळदा सर्वांत आशादायक असतो तो असा.

या काळात पडून राहायचं का? हॉलंडमध्ये १९९९ साली याची परीक्षा झाली. पायात कळ असलेल्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडूफिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, ८७ टक्के लोक सुधारलेले होते. तेव्हा कळ फार असेल तर एखाद-दुसरा दिवस पडावं, मग घरातल्या घरात फिरावं, कामं थोडी थोडी सुरू करावीत.

गोळ्यांची मर्यादाही माहीत असावी. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांनी काहींना थोडा उतार पडतो, पण मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब सांभाळून, डॉक्टरांना विचारून, थोडे दिवसच. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनची चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि २०१७ साली निष्कर्ष आला: नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा पायाची कळ जास्त कमी झाली नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन हे दोन्ही नको म्हणतात. मणक्याजवळ दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तीव्र कळ काही आठवडे कमी होऊ शकते. तेवढी उसंत मिळणंही कधी कधी मोलाचं असतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे आधी सांगून ठेवावं. ओझोन आणि लेसर यांच्या जाहिरातीत जितका आत्मविश्वास असतो, तितका त्यांच्या पाठीशी पुरावा नाही.

व्यायाम मात्र हवा. कळ तीव्र असताना पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकणं टाळावं. भुजंगासनासारखं मागे वाकणं काहींना मानवतं, काहींना नाही. खूण सोपी आहे. व्यायामाने कळ पावलाकडून वर सरकत कमरेत गोळा होत असेल तर तो मानवतोय. कळ खाली उतरत असेल तर तो थांबवायचा. फिजिओथेरपिस्ट हे पाहून व्यायाम ठरवतात. पायात कळ असताना मणका झटक्याने 'बसवून' घ्यायला मात्र कुणाकडे जाऊ नये.

शस्त्रक्रियेने काय मिळतं

तातडीची लक्षणं नाहीत, पण कळ हटत नाही. आता काय? या प्रश्नावर चांगले अभ्यास झाले आहेत. नॉर्वेत वेबर यांनी १२६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले स्पष्टपणे पुढे होते, चार वर्षांनी अंतर कमी झालं, दहा वर्षांनी उरलं नाही. हॉलंडमधल्या २००७च्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे कळ असलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया केलेले साधारण चार आठवड्यांत सावरले, थांबलेले बारा आठवड्यांत. वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही लक्षात घ्यायला हवं.

आणि फारच थांबलो तर? कॅनडातल्या २०२०च्या अभ्यासात चार ते बारा महिने कळ सोसलेले १२८ रुग्ण घेतले होते. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाची कळ दहापैकी २.८ होती, न झालेल्यांची ५.२. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरही कळ तशीच असेल, तर नुसतं सोसत राहणं शहाणपणाचं नाही.

शस्त्रक्रिया पायाची कळ घालवण्यासाठी असते. ती कळ बहुधा झपाट्याने जाते, बधिरपणा सावकाश जातो, कमरेचं जुनं दुखणं जाईलच असं नाही. नस दाबणारा तुकडा काढायला सूक्ष्मदर्शकाची किंवा दुर्बिणीची, दोन्ही पद्धती चालतात. डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे ती बरी. साध्या चकतीसाठी सहसा स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडावे लागत नाहीत. कुणी तसं सुचवलं, तर मणका अस्थिर असल्याचा कोणता पुरावा आहे हे विचारावं. नसांचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, आणि त्याच जागी पुन्हा गर बाहेर येणं हे धोके थोडे असले तरी खरे आहेत.

आता एकाच पातळीवरचा, एकसारखाच दाब असलेली दोन माणसं घ्या. एक बँकेत नोकरीला, हक्काची रजा शिल्लक, आठवड्यागणिक थोडा उतार. तो थांबला तर काही बिघडत नाही. दुसरा रिक्षा चालवतो, आठ आठवडे गाडी उभी, हप्ता थकलेला, रात्रीची झोप गेलेली. त्याने लवकर शस्त्रक्रिया निवडली तर तीही बरोबरच. आकडे दोघांचे सारखे, आयुष्य वेगळं. म्हणून निर्णय रुग्णाचा असतो. डॉक्टरांचं काम त्याला पुरेशी माहिती देण्याचं.

कायदाही हेच सांगतो. २००८ सालच्या एका गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की संमती घेण्याआधी उपचाराचं स्वरूप, फायदे, मोठे धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगायला हवं. २००२च्या वैद्यकीय नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत. ती घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून अशी अध्यापन रुग्णालयं त्यासाठी आहेतच. जाताना पाच प्रश्न लिहून न्यावेत. माझी कोणती नस दबली आहे, आणि ती तपासणीत दिसते का? ताकद गेली आहे का? आणखी सहा आठवडे थांबलो तर काय गमावेन? शस्त्रक्रियेने पायाची कळ जाईल की कंबरदुखी? कामावर केव्हा परत जाता येईल? सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर सहीची घाई करू नये.

लघवी अडली तर हिशेब तासांचा. पायाची ताकद जात असेल तर दिवसांचा. नुसती कळ असेल तर आठवड्यांचा. आणि पाय ठीक असून फक्त रिपोर्टात एक शब्द आला असेल, तर शस्त्रक्रियेला कारणच नाही.